पानाची मागची बाजू

अव्वा बांधावर उभी राहून उसाचं एक पान उलटं करून बघत होती. बराच वेळ झाला तरी पान काही सोडेना. मी मोटारसायकल रस्त्याला लावली, बांधावरून चालत तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, तरी तिला पत्ता नाही. ओठ हलत नव्हते, म्हणजे जपही चालू नव्हता. ती नुसती बघत होती.

"काय बघायलीस एवढं?" मी विचारलं.

ती दचकली. हातातलं पान सुटलं आणि त्याच्यावरची पांढरी भुकटी तिच्या केसांवर पडली.

"काही न्हाई," ती म्हणाली. "चल, बस्तीला उशीर झाला."

ते 'काही न्हाई' मी वीस वर्षं डोक्यात घोळवतोय.

आम्ही शिरोळ तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे जैन शेतकरी. मंदिराला आम्ही बस्ती म्हणतो आणि आईला अव्वा, कारण कानडी मुलूख शेजारीच आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' असंच म्हणतात, तेही इथलंच. वडील गेल्यावर अडीच एकर रान अव्वाच्या नावावर झालं. कसत मी होतो, पण सातबाऱ्यावर नाव तिचं.

त्या वर्षी आषाढात, चातुर्मास बसला त्या दिवशी, अव्वानं बस्तीत महाराजांपुढं हात जोडून व्रत घेतलं. कार्तिकापर्यंत माझ्या रानात जीव मारला जाणार नाही. मी मारणार नाही, दुसऱ्याकडून मारवणार नाही आणि मारणाऱ्याला बरं म्हणणार नाही. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "तुला चालंल न्हवं?"

मी हसून होकार दिला. मिरचीला औषध मारतात, वांग्याला मारतात, उसाला कोण मारतंय? उसाला पाणी सोडायचं, खत टाकायचं आणि पारावर जाऊन राजकारण करायचं, ही आमच्या भागाची शेती. फुकटात पुण्य पदरात पडत असेल तर नको कशाला म्हणा.

महिन्याभरात लोकरी मावा आला. तोवर हे नावही आम्ही ऐकलं नव्हतं. पानाच्या मागच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी किडीची रांग बसायची आणि पानातला रस ओढायची. तिच्यातून चिकट पाणी खालच्या पानांवर ठिबकायचं, त्याच्यावर काळी बुरशी चढायची. वरून ऊस पांढरा, खालून काळा. सरीत शिरलं की अंगाला खाज सुटायची. गावातली शहाणीसुरती माणसं हबकली. जो तो पंप घेऊन पळायला लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दहा फुटी उसावर औषध मारताना माणसं बघितली.

मी मारत नव्हतो. त्यामुळे सगळ्यात जास्त तापला तो आदगोंडा खोत. त्याचं रान आमच्या बांधाला बांध लागून. स्वतःची जमीन नव्हती, दुसऱ्याचं रान खंडानं घेऊन तो ऊस करायचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, मी त्याला आदूआण्णा म्हणायचो.

"सुकुमार, मी दोनदा मारलं," तो मला बांधावर गाठून म्हणाला. "दोन्ही टायमाला तुझ्या बाजूच्या सऱ्या आधी पांढऱ्या झाल्या. तुझ्याकडनंच येतोय माझ्यात."

"अव्वाचं व्रत हाय, आण्णा."

"व्रत काकूंचं आणि उपास माझ्या रानाला?"

"कार्तिकापर्यंत थांबायचं."

"कार्तिकापर्यंत काय ऱ्हाईल? काकू मला आईसारख्या हायत, म्हणून अजून तोंड उघडलं न्हाई. पंप माझ्या दारात हाय. लांब पाइपचा. सांगशील तेव्हा आणतो."

मी मान हलवून वेळ मारून नेली. पण बोलणं मनाला लागलं. पारावर गेलो की माणसं गप्प व्हायची. आमच्याच रानातून गावभर मावा पसरतोय, असं एकदा कुणाच्या तरी तोंडून निघालं आणि मग ते सगळ्यांचंच मत झालं.

हे असं सगळं असताना भाद्रपदातलं पर्व लागलं. दहा दिवस पूजा, उपास, प्रवचन. सुरुवातीला सांगितलं तो दिवस पर्वातला तिसरा, गुरुवार. अव्वाला मी बस्तीत सोडलं आणि परत रानात आलो. ती एवढं काय बघत होती ते मला बघायचं होतं. बांधावरचं पान उलटं केलं तर माव्याच्या मधोमध बारीक जाळी, आणि जाळीत अळी. मळकट हिरवी, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. शेजारचं पान उलटलं, त्याच्यावर तीन. आत सरीत शिरलो तर पान धरावं तिथं अळी.

माव्यानं मी आधीच टेकीला आलो होतो. अळी बघून माझं डोकंच फिरलं. रस ओढायला मावा आणि पान खायला अळी, आता शिल्लक काय राहणार? अव्वा तोंडातून शब्द न काढता का बघत होती ते मला तेव्हा कळलं, असं मला वाटलं. बिचारी घाबरून गेली असणार, व्रत घेतलंय म्हणून बोलता येत नसणार.

एक पान मोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसात नेलं. तिथल्या माणसानं पिशवी उजेडात धरली.

"याला कुठलं औषध चालतं?" मी विचारलं.

"हे आम्हाला नवीनच दिसतंय. सोमवारी ऊस संशोधनातल्या रणनवरे मॅडम येणार आहेत. मी आज त्यांच्याकडं पान पाठवतो. त्या सांगतील तोवर थांबा."

"सोमवारपर्यंत?"

"चार दिवस हो मगदूम. ऊस काय पळून जातोय?"

शुक्रवारी अव्वाचं एकाशन होतं. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, एका जागी बसून, आणि एकदा पानावरून उठलं की संपलं. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"अव्वा, रानात अळी पडलीय."

तिचा हात थांबला. "व्हय."

"तुला माहीत होतं."

"बघत होतो रोज."

"मग आता काय करायचं? माव्यापुरतं मी दम खाल्ला. पण ही अळी सगळं रान खाणार. गाव माझ्या तोंडावर बोलायला लागलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी सांगण्यासाठी तिनं तोंड उघडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग तिची नजर भिंतीवरच्या भगवंतांच्या फोटोकडं गेली आणि तोंड मिटलं.

"पर्व संपूपर्यंत थांब," एवढंच ती म्हणाली.

"का थांबू ते सांग."

"थांब म्हणतो न्हवं."

"तुझ्या थांबण्यात ऊस जाणार, आणि तू बसशील माळ ओढत."

बोलू नये ते बोलून गेलो. अव्वा अर्ध्या जेवणावरून उठली. उठली म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्न नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर तिचा कडक उपास होता. माझी बायको राजमती माझ्याकडं अशी बघायला लागली की मी चप्पल घालून बाहेर पडलो. पाय आपोआप आदगोंडाच्या दाराकडं वळले.

शनिवारी सकाळी अव्वा बस्तीत गेली, ती दिवस मावळेपर्यंत तिथंच असणार होती. नऊ वाजता आदगोंडा पंप घेऊन आला. दोघांनीच केलं काम. त्यानं पाइप ओढायचा, मी नळी वर धरून मारायचं. औषध वर जायचं आणि निम्मं आपल्याच अंगावर यायचं. तोंडाला टॉवेल बांधला होता तरी जीभ कडू पडली. चारच्या सुमाराला अडीच एकर झालं. मधल्या काही सऱ्यांत ऊस लोळला होता, तिथं पाइप गेला नाही.

"सुटलास," आदगोंडा म्हणाला. "काकूंना मी सांगत न्हाई. माझ्याच रानात मारलं म्हणू."

विहिरीवर साबण लावून मी दोनदा अंघोळ केली. राजमतीला तरी वास आला. आदूआण्णाच्या मदतीला गेलो होतो, असं तिला सांगितलं. अव्वा परत आली तेव्हा तिला बोलायचं त्राण नव्हतं. माझं मन मात्र खरं सांगायचं तर हलकं झालं होतं. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

रविवारी ती बस्तीतच होती. सोमवारी सकाळी मी उठायच्या आत ती रानात गेली होती, अनवाणी, चातुर्मासात ती पायात काही घालत नसे. मी मागोमाग निघालो. रस्त्यावर पोचलो तर कारखान्याची जीप उभी. शेतकी ऑफिसातला माणूस, आणि चाळिशीच्या एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या. जीपमध्ये रिकामी पोती, कोयते, स्टेपलरचा खोका. आदगोंडा त्यांना रस्ता दाखवायला बरोबर आला होता.

"मगदूम तुम्हीच ना?" बाई हसून म्हणाल्या. "मी रणनवरे. तुमचं पान मिळालं मला शुक्रवारी. महिना झाला, ही अळी शोधत आम्ही तालुकाभर हिंडतोय. जिथं जावं तिथं फवारलेलं."

"अळी शोधताय?"

"ही कीड नाही हो. ही मावा खाते. मावा सोडून दुसरं काही खात नाही, उसाच्या पानाला तोंडसुद्धा लावत नाही. एका पानावर एक-दोन दिसल्या तरी औषधाला हात लावायचा नाही, ती रान साफ करते. आणि तुम्ही दिलेल्या एका पानावर पाच होत्या. पाच." त्यांनी पोत्यांकडं हात केला. "ही पानं कापून न्यायची आणि दुसऱ्यांच्या उसाला टाचायची. अळी आपली आपण पसरते. पहिली पानं या शेजारच्या रानात लावू. कुणाचं आहे ते?"

"माझं," आदगोंडा म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

मी काही बोलायच्या आत सरीतून पानं वाजली आणि अव्वा बाहेर आली. तिनं पदर पुढं गोळा करून दोन्ही हातांनी धरला होता. ती आमच्यापाशी आली आणि पदर उघडला. त्यात अळ्या होत्या. काळ्या पडलेल्या, लुळ्या, जाळीसकट. शंभर असतील, जास्तही असतील.

मॅडमनी एक उचलून तळहातावर घेतली. मग बांधावरचं पान उलटं केलं, नाकाशी धरलं.

"कधी मारलंत?"

त्यांनी पान खाली टाकलं.

"थांबा म्हणून सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं, मॅडम," ऑफिसातला माणूस म्हणाला. "मी स्वतः सांगितलं यांना."

"मग कुणी सांगितलं मारायला?"

ते मी सांगायचं होतं. एक शब्द पुरला असता, 'मी'. ऑफिसातला माणूस माझ्याकडं बघत होता, मॅडम माझ्याकडं बघत होत्या. चाळीस वर्षांचा बाप्या मी, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा.

"मी सांगितलं," अव्वा म्हणाली.

"मावशी, तुम्ही?"

"व्हय. रान माझ्या नावावर हाय. मीच मारायला लावलं."

ज्यानं शनिवारी दिवसभर माझ्या मागून पाइप ओढला होता तो आदगोंडा आपल्या चपलांकडं बघत होता.

मॅडम अव्वाला वाकडा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. लोळलेल्या उसात औषध पोचलं नसेल म्हणून त्या स्वतः तिथं वाकून शिरल्या. तासभर शोधून सतरा जिवंत अळ्या मिळाल्या. त्या त्यांनी डब्यात घातल्या. पोती रिकामीच जीपमध्ये परत गेली.

दिवस मावळायच्या आधी अव्वा मागच्या सोप्यात पाणी पिऊन बसली होती. उकळून गार केलेलं पाणी, तेवढंच त्या दिवशी तिच्या पोटात गेलं. मी जाऊन उंबऱ्यावर बसलो.

"खोटं का बोललीस, अव्वा? तेही पर्वात?"

"खोटं कुठं बोललो?"

"तू कधी सांगितलंस मला मारायला?"

तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग सावकाश बोलायला लागली.

"ती अळी मावा खाती हे मला ठावं होतं. पंधरा दिस रोज बघत होतो. एकेकाला धरायची, खायची, पान साफ करून फुडं जायची. मागच्या दहा सऱ्या तिनं निम्म्या स्वच्छ केल्या होत्या. तू तिथवर जाऊन बघितलंच न्हाईस."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. "शुक्रवारी समोर बसून विचारलं मी."

"कसं सांगू? सांगायचं म्हंजे काय सांगायचं? ही मारती, बरं मारती, हिला मारू दे, आपलं भलं हाय. मारणाऱ्याला बरं म्हणणार न्हाई म्हणून हात जोडलेत मी. तोंडापर्यंत आलं होतं, सुकुमार. गिळलं. मला वाटलं, थांब म्हटलं की पोरगा थांबंल."

तिच्या पायांना औषधानं लाल चट्टे उठले होते, ते ती पदरानं झाकत होती.

"मी बोललो असतो तर तू मारलं नसतंस," ती म्हणाली. "म्हंजे न बोलून मीच मारवलं. मग मॅडमला खोटं काय सांगितलं?"

"आणि माझं? मी केलं ते?"

"तुझं मला घेता येत न्हाई. माझं तेवढं मी घेतलं."

त्याच आठवड्यात गुरुवारी अनंत चतुर्दशी होती. पर्वाच्या शेवटी बस्तीत उपास केलेल्यांची नावं पुकारतात, पुढं बसवून कुंकू लावतात. मगदूमबाईनं पर्वात फवारून घेतलं, ही बातमी तोवर घरोघर पोचली होती. अव्वाचं नाव पुकारलं नाही. बावीस वर्षं ती पहिल्या रांगेत बसत आली होती, त्या दिवशी मागं खांबाशी बसली आणि नंतर कायम तिथंच बसली. मी पुरुषांच्या बाजूला होतो. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर तिला तिची जागा मिळाली असती. मी उठलो नाही. आज सांगू, उद्या सांगू, लोक थोडे शांत झाले की सांगू, असं माझं चाललं होतं.

तीन आठवड्यांत मावा परत आला. औषध न पोचलेल्या शेंड्यांतून उतरला आणि या वेळी त्याला खायला कुणी नव्हतं. ऊस काळाठिक्कर पडला. आमचा कसाबसा कारखान्याला गेला. आदगोंडाचा गेलाच नाही. त्यानं तो कापून वैरणीला वाटला, खंडाचं रान सोडलं आणि बायकोपोरांसकट इचलकरंजीला मागावर कामाला गेला. जाताना मला भेटायला आला होता. कुणाचीच चूक काढली नाही त्यानं. अव्वाच्या पाया पडून गेला.

अव्वानं कार्तिकात गूळ आणि साखर सोडली, जन्मभरासाठी. उसाच्या घरात राहून सहा वर्षं तिनं गोड तोंडात घातलं नाही. शेवटच्या आजारात राजमतीनं साखरेचं पाणी चमच्यानं ओठाला लावलं तर तिनं दात घट्ट मिटले. डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

ती गेल्यावर बस्तीत शोकसभा झाली. गावातल्या एका वडीलधाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं की बाई मोठी व्रतस्थ होती, आयुष्यात एकदाच पाऊल घसरलं, पण माणूस आहे, चुकतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हात जोडून बसलो होतो.

पुढं रणनवरे मॅडमच्या हाताखाली मी शिकलो. आता गावोगाव जातो, शेतकऱ्यांना सरीत नेतो, पान उलटं करायला लावतो. आधी मोजा म्हणतो. मावा किती, अळ्या किती ते बघा आणि मग पंपाला हात लावा. ही मावा खाते, हिला मारू नका, हे मी दिवसातून पन्नास वेळा मोठ्यानं सांगतो. लोक मला अळीवाले मगदूम म्हणतात. हे कुठं शिकलात, असं विचारतात. मॅडमनी शिकवलं, एवढंच सांगतो आणि पुढच्या सरीत जातो.

आता माझीही साठी उलटली. आदगोंडा मागच्या वर्षी इचलकरंजीत वारला. त्या शनिवारचं खरं काय ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो, आणि मी गेलो की अव्वाच्या नावावर तेवढंच राहणार.

म्हणून लिहून ठेवतो. आमच्या रानात औषध मारायला अव्वानं सांगितलं नव्हतं. मी मारलं, तिला न विचारता, ती बस्तीत उपाशी बसली असताना.